डबाघरात आई

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. मारून उपयोगच नव्हता. निजामपुऱ्यातल्या ज्या बोळात आम्ही राहायचो, तिथं आमच्या खोलीच्या पाठीला पाठ लावून लूमचा कारखाना होता, आणि मधली भिंत म्हणजे नावाला भिंत. पलीकडे लूम सुरू झाले की तो आवाज कानांनी ऐकावाच लागायचा नाही, तळपायांतून वर चढायचा. फळीवरची भांडी दिवसभर थरथरत पुढं सरकायची आणि संध्याकाळपर्यंत कडेला येऊन थांबायची. आई येता-जाता त्यांना तळहातानं मागं लोटायची, कोंबड्या खुराड्यात लोटतात तशी. कुणाला बोलवायचं असलं तर हात हलवायचा, नाहीतर चिंधीची गोळी करून नेम धरून पाठीत मारायची. माणूस वळला की मग ओठांनी बोलायचं, आवाज न काढता. जेवायला ये, नळाला पाणी आलंय, दळण आण, बाबा कुठं गेले बघ, असा सगळा संसार मुक्यानं चालायचा, आणि भांडणंसुद्धा. मुक्यानं भांडण्यात एक गंमत असते, समोरच्यानं पाठ फिरवली की आपण हरलो. आई रागावली की मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मग ती मला गदागदा हलवायची, डोळे उघडायला लावायची आणि राहिलेलं वाक्य पुरं करायची.

लाईट गेली की सगळे लूम एका दमात बंद पडायचे. बाहेरच्या माणसाला अशा वेळी हायसं वाटतं. आम्हाला उलट काहीतरी बिघडल्यासारखं वाटायचं. बाबा लूमवर कामाला होते, त्यांचे कान तोवर निम्मे गेले होते, आणि त्या शांततेत ते साधं 'चहा टाक' म्हणाले तरी पार कोपऱ्यावरच्या पानवाल्याला कळायचं. आईचंही तेच. माझंही तेच. आज साठी ओलांडली तरी मी फोनवर बोलायला लागले की शेजारच्या फ्लॅटमधली माणसं दार लावून घेतात. नवरा म्हणतो, तुला फोनची गरजच काय, खिडकी उघड आणि बोल. म्हणू दे त्याला.

आई त्याच कारखान्याच्या मागच्या खोलीत कांड्या भरायची. लूमच्या आडव्या धावणाऱ्या धोट्यात सुताची जी छोटी कांडी बसवतात आणि जी बघता बघता रिकामी होते, ती पुन्हा पुन्हा भरून द्यायचं काम. तिच्या शेजारच्या मशीनवर नसीमआपा असायची. नसीमआपाचं उत्तरेकडचं हिंदी आणि आईचं वळ गावचं बोलणं, पण ओठांवर दोघींचं इतकं जमलं होतं की दिवसभर गप्पा चालायच्या आणि दोघींचे हात एकदाही थांबायचे नाहीत. आईची नजर तर अशी तरबेज, की दारातून दिसणाऱ्या लूमच्या रांगेच्या पार टोकाला मुकादम कुणाच्या कानाशी लागून काय सांगतो, ते तिला बसल्या जागी कळायचं. मुकादमालाही ते ठाऊक होतं. काही खाजगी बोलायचं असलं की तो आधी आमच्या आईकडे पाठ करायचा. अख्ख्या कारखान्यात हा मान फक्त तिला होता, आणि ती तो मिरवायचीही.

लहानपणाच्या आठवणी लिहिताना बरेच जण कबूल करतात की आपल्याला आईची, तिच्या लुगड्याची, बोलण्याची लाज वाटायची आणि आता त्याचं वाईट वाटतं. मी त्यातली नव्हे. मला आईची लाज कधी म्हणजे कधीच वाटली नाही. मला तिची भीती वाटायची, आणि ती चांगली सणसणीत वाटायची. कारण आई खोटं बोलत नसे आणि बोललेला शब्द मागं घेत नसे. एका गणपतीत मी आणि बाबांनी नैवेद्य दाखवायच्या आधीच निम्म्या करंज्या फस्त केल्या. आई म्हणाली, "या घरात पुन्ना करंजी करायची न्हाय." झालं. ती होती तोवर आमच्या घरात करंजी झाली नाही. आम्ही बापलेक सणासुदीला शेजारीपाजारी जाऊन तोंड वेंगाडायचो आणि कुणी दोन दिल्या तर बोळाच्या कोपऱ्यात उभं राहून खायचो.

आता अशा बाईनं मला शाळेत घालताना एक शब्द दिला होता. "कुंदे, शिक. किती बी शिक. पन शाळेतून तुजी एक तक्रार आली ना, तं दुसऱ्या दिवशी कांडीवर बसवीन." ही काही पोरांना घालायची पोकळ भीती नव्हती. बोळातल्या माझ्या वयाच्या बहुतेक पोरी तोवर कांडीवर बसलेल्याच होत्या. सकाळी त्या कारखान्यात शिरायच्या तेव्हा मी दप्तर घेऊन त्यांच्यासमोरून जायचे, आणि त्या माझ्याकडे बघायच्या. त्यांच्या त्या बघण्यामुळंच मी आठवीपर्यंत एकदाही बाकावर उभी राहिले नाही.

डबा मात्र माझा राजेशाही. आई शिफ्टला जायच्या आधी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, पांढऱ्याशुभ्र आणि पातळ, की चार घडी घालून डब्यात कोंबली तरी मोडायची नाही. बरोबर वालाचं बिरडं. वाल तिच्या माहेरचे, वळच्या मामाच्या शेतातले. भात कापून झालं की त्याच ओलीवर टाकलेले. ते रात्री भिजवायचे, मोड आणायचे, मग गरम पाण्यात टाकून एकेक सोलायचे. सोलायला मी आणि बाबा. आता मामाच्या त्या शेतावर गोदाम उभं आहे, केवढं तरी मोठं, निळ्या पत्र्याचं, आणि मामाची नातवंडं भाडं घेऊन सुखात आहेत. चांगलंच आहे. पण बिरडं खायचं तर मी बाजारातून वाल आणते आणि ते शिजतात कुठले, निव्वळ पाण्यात पोहत राहतात.

शाळा मुलींची, मराठी. मागच्या अंगणात कापडाच्या कुणा व्यापाऱ्यानं देणगी देऊन एक लांबलचक पत्र्याचा हॉल बांधून दिला होता. दारावर 'भोजनकक्ष' अशी पाटी होती, आम्ही त्याला डबाघर म्हणायचो. दोनशे मुली सतरंज्यांवर समोरासमोर ओळी करून बसायच्या आणि पुढं चौथऱ्यावर टेबल-खुर्ची मांडून मोठ्या बाई जेवायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीनं आमच्यातल्या निम्म्या मुलींएवढ्या, पण त्या जिन्यावरून उतरायला लागल्या की खालच्या वर्गातली कुजबुज थांबायची. त्या आम्हाला गणित शिकवत. पत्र्याखाली दोनशे पोरींचा कलकलाट असा घुमायचा की त्यांचं डोकं उठायचं, म्हणून त्यांनी नियम घातला: श्लोक म्हणून झाला की शेवटचा डबा बंद होईपर्यंत कुणी तोंडातून आवाज काढायचा नाही.

बाकीच्या मुलींना ती शिक्षा वाटली. मला घरी आल्यासारखं वाटलं. माझ्यासमोर रेखा बसायची, बाजारातल्या किराणा दुकानदाराची मुलगी, माझी जिवलग. पहिल्याच दिवशी मी तिला ओठांनी विचारलं, लोणचं देतेस? ती माझ्याकडे डोळे फाडून बघत राहिली. तिला वाटलं माझा घास अडकला. पण रेखा हुशार होती, आणि लोणच्याच्या बदल्यात बिरडं मिळणार हे कळल्यावर तर फारच हुशार झाली. आठवड्याभरात ती छोटी वाक्यं वाचायला लागली. मग तिच्या शेजारची म्हणाली मला शिकव, मग तिच्या पलीकडची. मी शिकवत गेले. ओठ मोठे हलवायचे, मान नाही. आधी कशाविषयी बोलतोय ते बोटानं दाखवायचं, मग बोलायचं. समोरची घास घेत असेल तर थांबायचं. आणि हसू आलं तर ते पोटात ठेवायचं. हा शेवटचा धडा कुणालाच नीट जमला नाही. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अख्खं डबाघर बोलायला लागलं होतं. वरून बघावं तर देवळासारखी शांतता. आणि खाली कुणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कुणाची वही हरवलीय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळा बाजार भरलेला. गणिताच्या चाचणीआधी तर मी जेवता जेवता उदाहरणंसुद्धा सोडवून द्यायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण माझी जीभ लहानपणापासून जरा जास्तच लांब, मग ती आवाज करो किंवा न करो. मोठ्या बाईंच्या डब्यात रोज दुधीची भाजी असायची. रोज. आणि त्या डबा उघडायच्या मात्र अशा, की आत आज काहीतरी वेगळं निघेल. मी त्याचं धावतं वर्णन करायला लागले. आता बाईंनी पिशवीची गाठ सोडली. आता झाकणाला हात घातला. आता वास घेतायत. काय असेल? काय असेल? दोनशे मुली घास हातात धरून माझ्या ओठांकडे बघायच्या. दुधी! एक दिवस पोटातलं हसू कुणाच्याच पोटात राहिलं नाही. शांत डबाघरात दोनशे मुली एकाच क्षणी, काहीही कारण नसताना, खो खो हसल्या. बाईंनी चमकून मान वर केली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि माझे ओठ तेवढे शेवटच्या शब्दावर उघडे राहिले.

बाईंनी मला उभं केलं. बाकीच्यांना काय हसलात म्हणून विचारलं, कुणी ब्र काढला नाही, त्याबद्दल त्या पोरींना मी अजून मानते. शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या मिळून मला वेड्यात काढताय, आणि ही त्यांची पुढारी. कुंदा, उद्या मधल्या सुट्टीत आईला घेऊन ये. ऑफिसात नाही, इथं, डबाघरात. त्यांनाही त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. मग दाखला हातात द्यायचा की नाही ते ठरवते."

घरी येताना मी सुटकेचे मार्ग मोजत होते. आधी वाटलं बाबांना न्यावं. बाबा मवाळ, शिवाय निम्मं त्यांना ऐकूच आलं नसतं. पण बाई आईला आण म्हणाल्या होत्या. मग मी एक डोकं लढवलं. आई घरी येईपर्यंत थांबले नाही, सरळ कारखान्याच्या मागच्या खोलीत गेले. म्हटलं, सगळे लूम चालू असताना सांगितलं तर ती ओरडून काही उपयोग व्हायचा नाही. दारात उभी राहिले, हात हलवला, आणि तिनं बघितल्यावर एका दमात सगळं सांगून टाकलं. डबाघर, दुधी, हसणं, दाखला, सगळं. आईचे हात थांबले नाहीत. तिनं एक भरलेली कांडी काढली, रिकामी लावली आणि ओठांनी एवढंच म्हणाली, "उद्या येते." मला वाटलं स्वस्तात सुटले. तेवढ्यात ती नसीमआपाकडे वळली. मी बाजूनं बघत होते, पण मला आईचे ओठ पाठीमागून बघितले तरी कळले असते. ती म्हणत होती, "परसों से लडकी को ले आऊंगी. तेरे बाजू का मशीन उसको." नसीमआपानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरच्या दप्तराकडे बघितलं, आणि मान खाली घालून कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी घंटा झाली तेव्हा आई फाटकातून आत येत होती. धुतलेली हिरवी साडी, दोन्ही खांद्यांवरून पदर, आणि कानांच्या वर केसांत कापसाचा पांढरा भुगा, जो घाईत झटकायचा राहिला होता. हातात फडक्यात बांधलेली भाकरी, कारण तिची जेवणाची सुट्टीही तेवढीच होती. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "बसा कुंदाच्या आई," आणि चौथऱ्यावर आपल्या शेजारी दुसरी खुर्ची ठेवायला लावली. आई खुर्चीच्या कडेवर बसली. श्लोक झाला. डबे उघडले. डबाघर शांत झालं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी केवढी घोडचूक केली होती. आदल्या दिवसापासून मी फक्त माझ्याच जिवाचा विचार करत होते. मुलींना मी सांगितलंच नव्हतं की हे बोलणं मी कुणाकडून शिकले. त्यांना वाटत होतं, चौथऱ्यावर बसलेल्या दोघींनाही काही कळत नाही. परवा ठाण्याला नातीच्या शाळेत गेले होते. त्यांच्याकडे जेवणाच्या जागेला कॅफेटेरिया म्हणतात, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, आजी-आजोबांनीसुद्धा. काय तो गोंगाट! मी खुर्चीत टेकतेय न टेकतेय तोच नात लांबून तिच्या मैत्रिणींना सांगताना दिसली, "ती माझी आजी आहे हां, तिला लांबूनही कळतं, जपून बोला." एवढीशी पोर, पण मला जे सुचलं नाही ते तिला सुचलं. दोन टेबलं पलीकडे दोन शिक्षिका माझ्या सुनेविषयी काय म्हणत होत्या तेही मला कळलं, पण ते असो.

तर डबाघर बोलायला लागलं, आणि विषय अर्थातच माझी आई. ही का कुंदाची आई? भाकरी केवढी आणलीय बघ. सरिता म्हणून एक होती, बंगल्यात राहायची, रिक्षातून यायची. ती म्हणाली, "डोक्यावर गादी फाटली वाटतं." तिच्या ओळीतल्या पाच-सहा जणी पोटात हसल्या. ती पुढं म्हणाली, "बाईंनी शेजारी कशाला बसवलंय, तेलाचा वास येत असेल." रेखानं तिला गप्प बस म्हटलं. मी आईकडे बघत होते. आईची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जात होती, सावकाश, कारखान्यात जाते तशी. सरितापाशी ती थांबली. मग पुढं गेली. मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी डब्यासकट आत जावं. पण बाकीच्याही बोलत होत्या. आज कुंदाला दाखला देणार. मग ती कांडीवर बसणार, रेखाला म्हणाली ती तसं. आणि आपलं काय? मला अजून लांब वाक्यं येत नाहीत. जाड भिंगांची सुमन म्हणाली, "मला सातवं उदाहरण तिच्यामुळं आलं. आता कोण शिकवणार?" बोलता बोलता तिनं चष्मा काढून पुसला.

मी आईला ओठांनी म्हटलं, "आये, कळत न्हाय म्हणून सांग. पाया पडते तुझ्या." तिनं ते पुरतं वाचलं. मग तिनं तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि आमच्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मी वर सांगितलंच आहे.

बाई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, "बघताय ना? आवाज नाही, पण तोंडं चाललीयत. काय भानगड आहे ही?"

"बोलतात बाई," आई म्हणाली. तिचा तो कारखान्यातला आवाज. पत्र्याला लागून परत आला.

"ते मलाही दिसतंय. काय बोलतात?"

"ती खिडकीखालची दोन वेन्यांची, ती म्हनते आज भेंडी करपलीय." खिडकीखालच्या मुलीनं पटकन झाकण लावलं. "ती हिरव्या रिबिनवाली, तिची ताई आज माहेरी येनार हाय. ह्या कोपऱ्यातल्या दोघी शिनेमाचं बोलतात, ते मी न्हाय सांगत." एकेक करत दोनशे तोंडं बंद झाली. मी शाळेत आल्यापासून डबाघर त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर गप्प झालं.

बाईंनी आवाज खाली आणला. "आणि माझ्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल म्हनतात, बाईंच्या डब्यात आज बी दुधी." आईनं वाकून डब्यात बघितलं. "खरं हाय की वो! रोज दुधी?"

बाई डब्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एकटीसाठी कोण करत बसतं, कुंदाच्या आई?" आईनं फडकं सोडलं, भाकरीचे दोन भाग केले, एकावर बिरडं वाढलं आणि बाईंपुढं सरकवलं. "घ्या. माझ्या माहेरचे वाल हायेत." बाई कुणाच्या हातचं खात नसत अशी शाळेत बोलवा होती. त्यांनी घास घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेताना त्यांना बहुधा आठवलं की आपण चौकशी करायला बसलोय.

"आणि तुमच्याबद्दल काय म्हणाल्या मुली?"

आईनं सरिताच्या ओळीकडे बघितलं. सरिताचं डोकं जवळजवळ डब्यात गेलं होतं. सगळ्यांना माहीत होतं सरिता काय म्हणाली होती, आणि आता आईला ते कळलंय हेही सगळ्यांना माहीत होतं. बाईंना सांगितलं असतं तर त्यांनी त्या पोरीला तिथंच उभं करून सोलून काढलं असतं.

"माझ्याबद्दल न्हाय कुनी काय बोललं," आई म्हणाली.

माझ्या आईनं माझ्या देखत बोललेलं ते एवढं एकच खोटं. करंज्यांची बाई ती! स्वतःच्या पोरीसाठी तिनं खोटं बोलायला नकार दिला, आणि तिला हसणाऱ्या परक्या पोरीसाठी बोलली. मला इतका अभिमान वाटला, इतका, की तो कुठं ठेवावा ते कळेना. मी शेजारच्या मुलीला करकचून चिमटा काढला. ती बिचारी आवाजसुद्धा करू शकली नाही.

"हे शिकवलं कुणी?" बाईंनी विचारलं.

"हिला मी शिकवलं. बाकीच्यांना हिनं. आनि बाई, गनित बी शिकवते ती. ती जाड भिंगांची म्हनत होती आता, सातवं उदाहरन हिच्यामुळं आलं."

गणित म्हटल्यावर बाई सावरून बसल्या. "सुमन, उभी राहा. कुठलं सातवं? सांग." सुमन उभी राहिली आणि न चुकता, पहिल्या पायरीपासून उत्तरापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली. बाई म्हणाल्या, "मी वर्गात दोनदा सांगितलं तेव्हा तर तुला आलं नव्हतं."

"तुम्ही फळ्याकडे तोंड करून सांगता बाई," सुमन म्हणाली. "कुंदा तोंडाकडे बघून सांगते."

बाईंनी उरलेली भाकरी संपवली. मग म्हणाल्या, "मला इथं शांतता हवी होती, ती आहे. दाखला द्यायचं मला काही कारण दिसत नाही. माझ्या डब्यावरून हसणं मात्र बंद." मुलींनी श्वास सोडला तो पत्र्यापर्यंत ऐकू गेला. रेखानं माझा गुडघा दाबला. पण मी कशी हसणार? शाळेचं मिटलं होतं, आईचं कुठं मिटलं होतं? तक्रार आली ती आलीच होती. नसीमआपाच्या शेजारचं मशीन माझ्यासाठी ठरलेलं होतं. आई उठली, फडकं झटकलं, घडी घातली, बाईंना नमस्कार केला आणि ओळींच्या मधून चालत माझ्यासमोरून निघून गेली. डोळ्याला डोळा दिला नाही. तिची सुट्टी संपत आली होती.

घंटा झाली तशा आम्ही सगळ्या डबाघरातून पायऱ्यांवर आलो. मैदानात खालच्या वर्गांच्या पोरी ओरडत, पळत होत्या, फाटकाबाहेर रिक्षांचे भोंगे चालू होते, नुसता कल्लोळ. आई त्यातून भराभर फाटकाकडे चालली होती. मला वाटत होतं पळत जावं, पदर धरावा, रडावं. फाटकापाशी ती थांबली. वळली. आमच्या घरात बोलवताना करायचो तसा तिनं एक हात वर करून हलवला. मी बघितलं. तिनं मी बघतेय याची खात्री करून घेतली, आणि एवढ्या सगळ्या गोंधळावरून, एकेक शब्द मोठा करत, ओठांनी म्हणाली, "कुंदे, कांडीवर न्हाय बसायचं. तू मास्तरीण हो."

आणि ती गेली, शिफ्टला उशीर होत होता म्हणून पळतच गेली. तिला वाटलं ती फक्त माझ्याशी बोलली. माझ्या मागं पायऱ्यांवर अख्खं डबाघर उभं होतं.

मोठ्या बाई माझ्याशेजारी येऊन थांबल्या होत्या. त्यांनी आईला हात हलवताना बघितलं होतं. "काय म्हणाल्या गं तुझ्या आई?" त्यांनी विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण हुंदक्याशिवाय काही बाहेर पडेना. तेव्हा माझ्या मागून दोनशे पोरी एकदम ओरडल्या, "मास्तरीण हो म्हणाल्या, बाई!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज सरिताचा होता.